काला अंबचं लाल पाणी

या, जरा सरकून बसा. बुवा यायला वेळ आहे, तोवर एक आख्यान सांगते. डोळ्यांदेखत घडलेलं.

यंदा संक्रांतीला आमच्या मंडळाची बस दिल्लीहून पानिपतला, काला अंबच्या रणस्मारकाला वंदन करायला निघाली. जो तो फोनवर एकच बातमी बघत होता. वेब-चॅनलवाला ओरडत होता, "वीरांचं रक्त उसळलं! काला अंबशेजारच्या वस्तीनं केलेल्या अपमानाचा हा कोप! व्हिडिओ गायब होण्याआधी पुढे पाठवा!" खड्ड्यात लालभडक पाणी. मीही हात जोडले.

मुरलीधरकाका वस्ती हटवण्याच्या मागणीवर सह्या घेत होते. पहाटे तिळगुळाचा गूळ फोडताना त्यांचा अंगठा कापला होता, त्यावर रुमाल बांधलेला.

"सही कर गं, लतिका."

"आधी बघू तरी, काका."

"वीरांच्या रक्ताला पुरावा हवा?"

"माझ्या लॅबमध्ये रोज लागतो," डॉक्टर लतिका म्हणाली.

पोचलो. खड्डा खरंच लाल! बायकांनी पदर डोळ्यांना लावले. वस्तीची दारं मात्र बंद. दरसाल आम्हाला गरम पाणी देणाऱ्या नसरीनचाचीचंही. गच्च्यांवर पोरं विटा घेऊन उभी. इकडून घोषणा सुरू झाल्या. एक वीट पडली असती, की संपलंच.

लतिकानं पाण्यात बोट बुडवलं. "काका, व्हिडिओ कधीचा?"

"चार दिवस झाले."

"रुमाल सोडा बघू."

रुमालावरचा डाग काळपट तपकिरी झाला होता.

"तुमचं पहाटेचं रक्त एवढ्यात काळवंडलं, मग हे चार दिवस लाल कसं? इथलं आंब्याचं झाड लढाईतल्या रक्तानं काळं पडलं, असंच सांगतो ना आपण?"

घोषणा थांबल्या. लतिका एकटीच चाचीच्या दाराशी गेली. "चाची, पानी मिलेगा?"

दार फटीएवढं उघडलं. चाचीनं फटीतून फोन पुढे केला. तेच चॅनल, तोच खड्डा. मथळा वेगळा: 'मराठी टोली आपके घर तोड़ने आ रही है!'

"ये तो हमारी दरियों के सूत का रंग है, बेटी. धोते हैं तो वहीं जमा होता है." वस्तीत सतरंज्या विणतात, त्यांच्या सुताचा हा रंग!

मागोमाग आलेल्या काकांनी मथळा वाचला आणि सह्यांचा कागद टराटरा फाडला. "म्हणजे मेल्यांनी भीती यांना विकली आणि राग आम्हाला!" मग तिळगुळाचा डबा पुढे केला. "लीजिए चाची, मीठा बोलिए."

चाचीनं वर पाहिलं. "ईंटें रख दो रे! मेहमान हैं."

माझ्या विठ्ठलाला चमत्कार करायचाच असेल, तर त्याला चॅनल लागत नाही. रक्त तापवणारी बातमी आली, की विचारा: कुणी तपासली? हीच बातमी पलीकडच्यांना काय म्हणून दाखवली? आणि ती पुढे पाठवायला अंगठा शिवशिवला, तर कडी लावून आत बसलेल्या नसरीनचाचीची तेवढी आठवण ठेवा.