आठवा फर्मा

त्या बाइंडिंगखान्यात एक जुना रिवाज होता. जे पुस्तक बांधायला येईल ते आधी ऐकून घ्यायचं. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी घड्या घालायच्या, शिवायचं, खळ लावायची. वाचायचं काम, ज्याला सगळे भोंग्या म्हणत त्या पोऱ्याकडे. त्याचा आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालाही कथानक तोंडपाठ व्हायचं. अडचण एकच. छापखाना सोळा-सोळा पानांचे फर्मे आपल्या सवडीने पाठवणार, त्यामुळे कधीकधी खुनी आधी सापडायचा आणि खून मागाहून व्हायचा. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

या खेपेला विनोदी कादंबरी आली. परदेशी शिकायला गेलेला एक पोरगा, अक्कल कमी आणि ऐट फार, तिथे ठेचकाळत ठेचकाळत शहाणा होतो, अशी गोष्ट. सातव्या फर्म्यात तो नापास होतो, हॉटेलात भांडी घासतो, तळघरातल्या खोलीत राहतो. घरी मात्र सांगतो, खोली झकास आहे. खोलीला खिडकीच नाही, म्हणून पठ्ठ्या कॅलेंडरवरची बाग भिंतीला चिकटवतो, तिला जुना पडदा लावतो आणि तिच्यापुढे बसून बापाला व्हिडिओ कॉल करतो.

भोंग्याला हसू आवरेना. शिवणाऱ्या मावशींनी सुई खाली ठेवून डोळे पुसले. थोरले बाइंडर, ज्यांना सगळे दादा म्हणत, तेही हसले आणि हसता हसता थांबले.

दादांचा धाकटा मुलगा दोन वर्षांपूर्वी परदेशी शिकायला गेला होता. दर रविवारी व्हिडिओ कॉल. त्याच्या मागे पडदा लावलेली खिडकी, खिडकीत बाग, बागेत पिवळी फुलं. त्या बागेचं दादांना कोण कौतुक! जो भेटेल त्याला मोबाइल काढून दाखवायचे. न्हाव्याला तर दोनदा दाखवली होती. आता त्यांना आठवलं, की गुडघाभर बर्फ पडलाय असं पोरगा सांगत होता तेव्हाही फुलं पिवळीधमकच होती. इतक्या महिन्यांत एक पानही कधी हललं नव्हतं.

"पुढे काय होतं रे?" त्यांनी विचारलं. "बापाला कळतं का?"

"आठवा फर्मा आलाच नाही, दादा. त्यांचं मशीन बिघडलंय, सोमवारी देतील. नववा वाचू?"

"नको."

दादांना राग आला नाही. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. चाळीस वर्षं पानांचा क्रम तपासणाऱ्या नजरेला एवढं दिसू नये? रविवारपर्यंत त्यांना अन्न गोड लागलं नाही. अशा वेळी बापाने काय बोलायचं ते आठव्या फर्म्यात असणार, आणि तो छापखान्यात अडकलेला.

रविवारी फोन आला. खिडकी, बाग, पिवळी फुलं.

"जेवलास का?"

"हो बाबा. तुमचं झालं?"

"झालं. तो पडदा जरा काढ बघू. मागे भिंतच आहे ना? चित्राला ओल धरेल."

मुलाचा चेहरा पडला. मग त्याने फोन फिरवला. एकावर एक दोन खाटा, दोरीवर कपडे, कोपऱ्यात शेगडी. खिडकी कुठेच नव्हती.

"कॉलेज?"

"सुटलं. वर्ष झालं. गोदामात खोकी उचलतो."

"मग सांगायचंस की रे."

"कसं सांगणार? तुम्ही गावभर डंका पिटला होता."

"माझं चुकलं," दादा म्हणाले. पोराला असं ते जन्मात पहिल्यांदा म्हणत होते. मुलगा रडायला लागला. त्यांनी त्याला रडू दिलं, आणि फोन ठेवताना पाठ सांभाळायला सांगितलं.

सोमवारी आठवा फर्मा आला. भोंग्याने बाह्या सरसावून वाचायला घेतला. कादंबरीतल्या बापाला फर्मा संपला तरी काही कळतच नाही. तो त्या बागेचा फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला धरून दाखवतो. मावशींची हसून हसून मुरकुंडी वळली. रस्त्यापलीकडे न्हावीही खो-खो हसत होता. मग त्याची नजर दादांवर गेली आणि तो खाली मान घालून वस्तरा पुसू लागला.

"अरे, हस की!" दादा तिथूनच ओरडले. "आमचीही बाग कॅलेंडरातलीच निघाली. पोरगा गोदामात खोकी उचलतो."

भोंग्याचा आवाज बंद पडला. दादांनी पुढचा कागद ओढला आणि घडी घातली.

"थांबलास कशाला?" ते म्हणाले. "वाच."