चहाच्या डब्यातली कडवी

चर्चच्या मागच्या खोलीत, सरावाच्या जुन्या पियानोवर चहाचा एक रिकामा डबा असे, आणि त्या डब्याला भलेभले गाणारे टरकून असत. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे प्रार्थनाविधीत, गाताना-वाजवताना कुणी चुकलं तर त्याला तोंडावर काही बोलायचं नाही, असा त्या मंडळींचा रिवाज होता. जे बोलायचं ते डबा बोलेल. शनिवारी चारला सगळे जमले की ऑर्गन वाजवणारे मास्तर डबा उघडत. आत चिठ्ठी असे, आणि चिठ्ठीत चुकलेल्या माणसावर रचलेलं कडवं, तेही त्या आठवड्याच्या गीताच्या चालीत चपखल बसणारं. ज्याच्यावर कडवं, त्यानंच उभं राहून ते गायचं. बाकीच्यांनी मनसोक्त हसून घ्यायचं. मग डबा बंद आणि विषयही बंद. ही थट्टा त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जात नसे. वर माळ्यावर, मोठ्या ऑर्गनपाशी, तिचं नावसुद्धा काढायचं नाही.

कडवी रचायची ताई. ती मास्तरांची धाकटी बहीण. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. दिवसभर ती लोकांचे कपडे शिवायची, उसवायची, सैल करायची, आणि मशीनवर पाय चालू झाला की त्या तालावर तिच्या डोक्यात ओळी जुळायच्या. खडूनं त्या कापडाच्या चिंध्यांवर उतरवून ठेवायची. तीस वर्षं हा उद्योग चालला होता. तिनं कुणाला म्हणून सोडलं नव्हतं. एकदा तर प्रवचन लांबवल्याबद्दल फादरांवरही रचलं होतं, आणि त्या बिचाऱ्यांनी ते, बेसूर का होईना, गाऊन दाखवलं होतं.

सध्या मात्र डब्यातून सलग तिसऱ्या शनिवारी रंगारीच निघत होता. टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, गाणारा हा रंगारी माणूस लाखात एक, पण त्याला दम नाही. भिंत सुकायची वाट पाहतो तेवढीच, बाकी कशाचीच नाही. त्याचं कडवं आता सगळ्यांना पाठ झालं होतं:

रंगाऱ्याला भारी घाई,
त्याला धीर मुळी नाही,
आम्ही चष्मे शोधताना
हा आमेन गात जाई.

रंगाऱ्यावर ही वेळ का आली, आणि ताई खरं कुणावर रचायचं टाळतेय, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी मास्तरांच्या डाव्या हातातून कप निसटला. अर्धांगाचा झटका बारीक आहे, हात हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले. पंधरवड्यानं मास्तर पुन्हा ऑर्गनवर बसले, पण हात काही पुरता आला नव्हता. उजवा हात पहिल्यासारखाच सुरेल चाले, आणि डावा मागून फरफटत येई, कधी शेजारच्याच पट्टीवर पडे. गाणाऱ्यांना ते ऐकू येई. हल्ली तर खाली बाकांवर बसलेल्यांच्याही माना वळायला लागल्या होत्या.

ताईला हे सगळ्यांच्या आधी कळलं होतं. दादा खालच्या मजल्यावर राहायचा आणि ती वरच्या. त्याच्या शर्टांच्या बाह्यांची बारीक बटणं काढून तिनं तिथं मोठे हुक लावले, ते एका हातानं लागतात म्हणून. त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यानंही विचारलं नाही. एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या तिच्या डोक्यात कडवं जुळलं, न बोलावता, पूर्ण चार ओळींचं. तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं मशीनच बंद केली. पण चिंधी काही तिच्यानं फाडवेना. ती घडी करून तिनं सुयांच्या डबीत टाकली.

त्या गुरुवारी फादरांनी तिला पायऱ्यांवर गाठलं. ते चांगले गृहस्थ होते आणि अवघड बोलणं त्यांना जमत नसे.

"ताई, पुढच्या महिन्यात बिशप येतायत. पलीकडच्या चर्चमधल्या बाईंना ऑर्गनसाठी विचारू का? की मास्तरांशी तुम्ही बोलून बघता?"

"मी बोलते," ताई म्हणाली.

ती बोलली नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही. रात्री जेवण घेऊन खाली गेली, ताट ठेवलं, हवेबद्दल बोलली आणि वर आली. ऑर्गनचा बाक हेच दादाचं जग होतं. लग्न केलं नाही, शाळेतली संगीताची नोकरी संपली, राहिला होता तो हा बाक. त्याच्याखालून तो काढून घ्यायचा, आणि तोही आपल्या हातानं, हे तिला झेपणारं नव्हतं.

शनिवारी मास्तरांनी डबा उघडला, चिठ्ठी वाचली आणि रंगाऱ्याकडे पाहिलं. रंगारी उसासा टाकून उभा राहिला.

"मास्तर, गातो. पण मागच्या रविवारी मी वेळेवर सुरू केलं होतं हो. देवाशपथ."

"केलं होतंस," मास्तर म्हणाले. "बस खाली. मागच्या रविवारी चुकलो मी. त्याच्या आधीच्याही. परत बसल्यापासून चुकतोय, आणि डब्यात मात्र बाकीचेच, आता तर हाच."

मास्तरांनी चिठ्ठी परत डब्यात टाकली आणि बहिणीपुढे हात केला.

"आण."

"काय आणू?"

"तू लिहिलं नसशील हे मला कुणी सांगू नये. तुला मी पाळण्यापासून ओळखतो. आण इकडे."

ताईनं पिशवीतून सुयांची डबी काढली. चिंधी त्याच्या हातावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मास्तरांनी चष्मा सारखा करून वाचलं.

"'ओझे' म्हणतेस? उजवा हात काय हमाल आहे?" ते म्हणाले. मग पुन्हा एकदा वाचून, "नाही, राहू दे. बरोबर आहे."

ते उभे राहिले, उभ्यानंच पियानोवर एका हातानं सूर धरला, आणि गायले:

मास्तरांचा डावा हात
रविवारी घरी राही,
उजवाच एकटा तो
मिस्साभर ओझे वाही.

आवाज स्वच्छ लागला होता. कुणीच हसलं नाही.

"हसा," मास्तर म्हणाले. "नियम आहे. माझ्या एकट्यासाठी मोडायचा नाही."

आधी रंगारी हसला, दबकत, आणि मग मास्तरच हसताहेत म्हटल्यावर सगळे. तीन महिने तुंबलेलं हसू होतं ते, संपता संपेना. ताई तेवढी हसली नाही. तिला रडू येत होतं आणि ते चारचौघांत येऊ नये म्हणून ती ओठ चावत होती.

मास्तरांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

"आता हे. तीस वर्षांत इथं एकाच माणसावर कडवं झालेलं नाही. रचणारीवर कोण रचणार? म्हणून मी रचलं. घे, गा."

ताई उठली. नियम तिला चांगला माहीत होता. तिनं कागद डोळ्यांशी धरला आणि गायला सुरुवात केली:

ताईपाशी कात्री मोठी,
साऱ्यांचे ती माप घेई,
भावापाशी येता येता
दोरा का गं संपे बाई?

शेवटच्या ओळीला तिचा आवाज फुटला, तरी तिनं ओळ पुरी केली.

"फादर माझ्याकडे आधी आले होते," मास्तर म्हणाले. "बुधवारी. मी म्हटलं, माझ्या बहिणीला विचारा आणि शनिवारपर्यंत थांबा, ती सांगेल मला. गुरुवारी वाट पाहिली. काल पाहिली. तू हवेबद्दल बोललीस."

"कसं सांगायचं होतं, दादा? बाक गेला असता तुझा."

"सांगितलं असतंस तर मला विचारता आलं असतं."

"काय?"

मास्तर पियानोच्या बाकावर बसले आणि उजवीकडे सरकले. डावीकडे एका माणसापुरती जागा झाली. लहानपणी आई दोघांना एकाच बाकावर बसवून शिकवायची. दादा मोठा म्हणून उजवीकडे, चाल त्याची, आणि ताई डावीकडे, खालचे सूर तिचे. पुढे आईची मशीन ताईच्या वाट्याला आली आणि डावी बाजू दादानं स्वतःकडे घेतली. त्याला आता चाळीस वर्षं झाली होती.

"मला काही येत नाही आता," ताई म्हणाली.

"मलाही. म्हणून तर म्हणतोय, बस."

ती बसली. बोटं पट्ट्यांवर ठेवली, आणि पाय आपोआप खाली हलायला लागले.

"पाय थांबव. ही मशीन नाही."

मास्तरांनी डावा हात मांडीवर ठेवला, आणि बाहीचा हुक तिच्या नजरेस पडला. तिनं मान खाली घातली आणि पहिला सूर धरला. तो चुकीचा होता. दुसरा बरोबर लागला. मास्तरांनी त्याच्यावर चाल सुरू केली, आणि रंगारी नेहमीप्रमाणे दोघांच्याही आधी गायला लागला.