नावेत एकच माणूस

दादा म्हणाला, "आपण शांतपणे बोलू," आणि ताईनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. दादा शांतपणे बोलू म्हणाला की दोन तास गेले म्हणून समजायचं.

खरं तर ती त्याची धाकटी बहीण. सहा वर्षांनी धाकटी. पण ऑफिसात सगळे त्याला दादा म्हणायचे, म्हणून ओघानं ती ताई झाली होती. चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत नऊ माणसं बसून कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ बनवत. खेळ म्हणजे आतापर्यंत एकच, पण तो दणकून चालला होता. पुरात बुडालेल्या गावात नाव वल्हवणारी एक बाई, तिच्या नावेत एक-एक करून बसणारी माणसं आणि त्यांच्या गोष्टी. चित्रं दादाची. बाकी पडद्यामागचं सगळं ताईचं. चित्र दिसणं, पाणी हलणं, नाव भिंतीला आपटली की थांबणं, हे सगळं करणारी जी यंत्रणा, म्हणजे खेळाचं इंजिन, ते तिनं एकटीनं शून्यापासून लिहिलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली होती. लोक अजून पत्रं लिहायचे की तुमचं पाणी काय सुंदर आहे हो.

आता दुसरा भाग करायचा होता. आणि ज्या बाईनं ते इंजिन लिहिलं, तीच म्हणत होती की ते फेकून द्या, बाजारात चांगली तयार इंजिनं मिळतात, त्यातलं एक घ्या.

"पण चालतंय ना?" दादा म्हणाला.

"चालतंय कारण मी ढकलतेय."

"मग काय बिघडलं? तू आहेस ना!"

हे 'तू आहेस ना' ऐकलं की ताईच्या डोक्यात तिडीक जायची. ती होती, म्हणूनच तिच्या नणंदेच्या लग्नात ती मंगलाष्टकं सोडून फोनवर बोलत उभी होती. ती होती, म्हणून तीन प्रोग्रामर आले आणि दोन गेले. उरलेले एक म्हणजे काका. पन्नाशीचे, बँकेच्या कामातून आलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. ते रोज वही घेऊन विचारायला यायचे, "ताई, हे असं का आहे?" आणि ताई रोज म्हणायची, "काका, उद्या सांगते." तो उद्या आठ महिन्यांत उगवला नव्हता, कारण रोज कुठेतरी काहीतरी पडत होतं आणि ते फक्त तिलाच उचलता येत होतं. एका ठिकाणी तर तिनंच लिहून ठेवलं होतं, 'इथे हात लावू नये. का ते आठवत नाही.'

"दादा, मी शेवटचं सांगते," ती म्हणाली. "आपल्या इंजिनाला नावेत एकच प्रवासी कळतो. पहिल्याच दिवशी मी तुला विचारलं होतं, की कधी दोन माणसं बसणार आहेत का? तू म्हणालास, एकच, शब्द देतो. तो 'एक' चाळीस ठिकाणी रुतून बसलाय. आणि आता तुला नावेत तीन माणसं हवीत."

"तीन माणसं एकमेकांशी बोलतील, भांडतील. तोच तर दुसरा भाग आहे चिंगे!"

चार लोकांत चिंगे म्हटलेलं तिला खपायचं नाही, पण ते सांगायचीही आता सोय नव्हती. काकांनी वहीतून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"कर ना काहीतरी," दादा म्हणाला. "तुला जमतं."

तिनं काहीतरी केलं. तेच चुकलं. तिनं हात वर केले असते तर गाडं तिथंच अडलं असतं आणि दादाला कळलं असतं. पण अडलेलं सोडवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पंधरा दिवसांत तीन प्रवासी नावेत बसून गप्पा मारायला लागले. दादानं तिच्या पाठीत थाप मारली आणि सगळ्यांना म्हणाला, "बघा! आणि ही म्हणे इंजिन बदला!"

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला हे सांगितलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि वह्या तपासता तपासता ऐकायचा. तो म्हणाला, "ते राहू दे. तुझ्या ऑपरेशनची तारीख कधी घेतेयस?"

पित्ताशयात खडे होते. दोनदा तारीख ठरली आणि दोन्ही वेळा इंजिन आडवं आलं. या वेळी नवऱ्यानं तिला न विचारता डॉक्टरांना फोन केला आणि मंगळवार पक्का केला. गुरुवारी खेळ बाजारात आणणाऱ्या प्रकाशक कंपनीची माणसं दुसऱ्या भागाचा नमुना बघायला येणार होती. "येऊ देत," नवरा म्हणाला. "मी तुझा फोन माझ्या खिशात ठेवणार आहे, बंद करून."

ऑपरेशन सुरळीत झालं. बुधवारी दुपारी, भेटायच्या वेळेला, ताई उशीला टेकून पडली होती. पोटाला तीन छोट्या पट्ट्या, घसा कोरडा, अंगात सुस्ती. दारातून दादा आला. हातात कापडी पिशवी. ताईला खरंच बरं वाटलं. नाही म्हटलं तरी भाऊ तो भाऊ, काहीतरी आणलंन. दादानं पिशवीतून लॅपटॉप काढला.

"रागावू नकोस," तो म्हणाला.

नवरा खुर्चीवरून उठला. "दादा, मी तुम्हाला मान देतो, पण—"

"पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं. हिचा फोन लागत नव्हता."

"लागणारच नव्हता."

"काय झालंय?" ताईनं विचारलं, आणि विचारल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

झालं होतं असं, की दादानं सोमवारी संध्याकाळी हौसेनं एक वादळ घातलं होतं. नाव जरा जोरात धक्क्याला लागावी, एवढंच. पण नाव धक्क्याला लागली की आजोबा आणि त्यांची नात दोघंही उडून काठावर पडायचे. वादळ मोठं असलं तर पाण्यात. आणि पाण्याच्या तळाशी मांडीवर हात ठेवून बसून आजोबा नातीला आपल्या तरुणपणाची गोष्ट पुढे सांगतच राहायचे. काका सकाळपासून शोधत होते. त्यांना पत्ता लागत नव्हता.

ताईला हसू आलं, आणि हसल्याबरोबर पोटात अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. "हसवू नकोस मला," ती कण्हली. "मी हात लावणार नाही. तू उघड. मी सांगते, तू वाच."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"वाचता येतं ना? मोठ्यानं वाच."

दादा पलंगाच्या कडेला टेकला आणि वाचायला लागला. नऊ वर्षांत त्यानं ती फाइल कधी उघडली नव्हती. सुरुवातीला तो सगळी कामं टाकून खेळायला बसलेल्या माणसासारखा होता. मग हळूहळू त्याचा आवाज उतरला. 'हे तात्पुरतं आहे, पुढच्या महिन्यात नीट करते.' आठ वर्षांपूर्वीची तारीख. 'दादाला हवं म्हणून.' 'पुन्हा दादाला हवं म्हणून.' 'इथे हात लावू नये.' मग तो एका ओळीशी थांबला.

"हे काय? मोठी ट्रंक म्हणजे आजोबा?"

"हो."

"आणि छोटी पेटी म्हणजे नात?"

"इंजिनाला माणूस एकच कळतो म्हणून सांगितलं ना. म्हणून बाकीचे दोघं मी सामानात घातले. सामान कितीही चालतं. नाव धक्क्याला लागली की सामान उतरतं. तू नाव आपटलीस, सामान उतरलं. इंजिनाचं काय चुकलं?"

"अगं, आजोबांना ट्रंक केलंस तू?"

"बोलणारी ट्रंक," ताई म्हणाली. "पंधरा दिवस खपले मी त्याच्यावर. आणि तू पाठीत थाप मारलीस."

बाजूच्या पलंगावरच्या बाई कूस बदलायचं निमित्त करून ऐकत होत्या.

"तुला आधी सांगता आलं असतं," दादा म्हणाला.

"अकरा मीटिंगा!" ताईचा आवाज चढला आणि पोटानं तिला लगेच खाली आणलं. "अकरा मीटिंगा घेतल्यास तू, दादा. मी दुसरं काय सांगत होते?"

"तू इंजिन बदला म्हणत होतीस. मला वाटायचं, हिला कंटाळा आलाय." त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला. "आणि खरं सांगू? ते इंजिन गेलं तर आपल्यात उरलं काय? माझ्यासारखी चित्रं काढणारे छप्पन्न आहेत. लोक पाण्याचं नाव काढतात. तयार इंजिन घेतलं की तू मोकळी झालीस. मोकळी झालीस की जाशील."

"जाईन की," ताई म्हणाली. "रोज साडेसहाला घरी जाईन."

नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलले.

तेवढ्यात नर्स आली. लॅपटॉप बघून तिनं कमरेवर हात ठेवले. "हे काय ऑफिस आहे का? चला, आवरा." दादानं केविलवाणं तोंड केलं. ताई घाईनं म्हणाली, "वादळ काढून टाक. आणि आजोबा-नात दोघांना काढ. तिसरी जी प्रवासी बाई आहे, तिला एकटीलाच नावेत बसव, तिची गोष्ट चांगली आहे. काकांना सांग, उद्या तेवढंच दाखवा." दादा तिचं बोलणं तळहातावर लिहून घेत दाराबाहेर गेला, आणि लॅपटॉपची वायर पलंगाखाली तशीच राहिली.

गुरुवारी पाहुण्यांना नमुना आवडला. आता गंमत बघा, त्यांनी कौतुक कशाचं केलं? पाण्याचं. "इंजिन तुमचं स्वतःचं का? वा! तेच ठेवा, तीच तुमची ओळख आहे," असं त्यांचा मुख्य माणूस म्हणाला. हे काकांनी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं. बारावी मीटिंग.

"मग दादा काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"दादा म्हणाले, आमच्या इंजिनात आजोबा ट्रंक आहेत. सगळे हसले. मग दादांनी तळहात वर करून सांगितलं, की आम्ही ते बदलतोय. मला वाटलं, ते चेष्टा करताहेत. पण नाही."

असं झालं म्हटल्यावर ताईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तसा तो पडलाही, चार-पाच आठवडे. तयार इंजिन आलं. तीनच काय, नावेत तेरा माणसं बसवली तरी ते कुरकुरत नव्हतं. चित्रकार खूश. जे करायला पूर्वी तिचे दोन दिवस जायचे, ते ऑफिसातली पोरंपोरी स्वतःच्या स्वतः अर्ध्या तासात करून मोकळी व्हायची. दादा नवं घर दाखवावं तसं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटला.

फक्त पाणी वाईट होतं.

वाईट म्हणजे चकचकीत होतं. त्यावर ऊन पडायचं, फेस यायचा, सगळं जिथल्या तिथं. पण वल्हं मारलं तर पाण्याला कळायचंच नाही. जुन्या पाण्यात वल्हं बुडलं की ते आधी थोडं अडायचं आणि मग वाट द्यायचं. नाव जड असली की पाणीही जड व्हायचं. हे सगळं तिनं एका पावसाळ्यात, ताप अंगात असताना, तीन आठवड्यांत लिहिलं होतं.

"छान आहे की," दादा म्हणाला.

"काय छान आहे? काच आहे ती, काच!"

"लोकांना फरक कळणार नाही."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. इंजिन ठेवा, ठेवा म्हणून सहा महिने तिचं डोकं खाणारा माणूस हाच. आता तिला हवं ते मिळालं, तर रडतेय कोण? ती. हा सगळा राग काढायला माणूस सापडेना, म्हणून तो तिनं दोन दिवस दारं आपटण्यात काढला. तिसऱ्या दिवशी तिनं खुर्ची ओढत नेऊन काकांच्या टेबलाशी ठेवली.

"काका, वही काढा. पाणी नवीन इंजिनात न्यायचंय. पण मी एकटी नेणार नाही. एकेक ओळ तुम्हाला पटली तरच पुढची."

काका इतके खूश झाले की त्यांना पेनाचं टोपण निघेना.

एकटीनं केलं असतं तर दहा दिवसांत झालं असतं. दोघांना सात आठवडे लागले. काका म्हणायचे, "हे असं का?" ताई म्हणायची, "असंच चांगलं वाटतं." काका म्हणायचे, "वाटतं म्हणजे काय? किती?" कधी कधी तिला त्यांची वही खिडकीतून खाली फेकावीशी वाटायची. पण तीन ठिकाणी तर काकांच्या 'का'ला तिच्याकडे उत्तरच नव्हतं, आणि त्यातली दोन ठिकाणं काढून टाकली तरी पाण्याला काही झालं नाही. तिसरं काढलं तेव्हा नाव उभ्या उभ्या बुडाली. ते ठेवलं. का, ते वहीत लिहिलं.

पाणी आलं. अगदी तेच नाही, थोडं तरुण वाटायचं, पण वल्हं मारलं की त्याला कळायचं. दादानं एकदा खेळून पाहिलं, उठला आणि खोलीतून निघून गेला. थोड्या वेळानं येऊन पुन्हा खेळत बसला.

त्यानंतर महिनाभरानं, एका सकाळी ताईनं खेळ सुरू केला, नाव पायऱ्यांजवळ नेली आणि थबकली. लाटा पायऱ्यांना आपटून परत येत होत्या. परत येताना नावेला हलकेच झुलवत होत्या. जुन्या खेळात हे कधीच नव्हतं. तिला कित्येक वर्षं करायचं होतं आणि जमलं नव्हतं.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं.

"मी," काका म्हणाले. "काल तुम्ही दाताच्या डॉक्टरांकडे गेला होतात."

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्हीच केलं असतं."

पुढचा अर्धा तास ताई त्या पायऱ्यांवर नाव आपटत राहिली. जोरात, हळू, तिरकी, मागून. कुठे काही फुटतंय का, काही चुकतंय का. चुकत नव्हतं. तिला आनंद होत होता आणि त्या आनंदात एक बारीक खडाही टोचत होता. तिचं पाणी आता तिच्याशिवाय शहाणं होत होतं.

ती उठली, खुर्ची घेऊन काकांच्या टेबलाशी गेली. "दाखवा," ती म्हणाली. "कसं केलंत ते."

काकांनी घसा खाकरला, फाइल उघडली, पडद्यावर बोट ठेवलं. "म्हणजे काय झालं, की इथं... असंच बरं वाटलं मला."

"वाटलं म्हणजे काय?" ताई वैतागून म्हणाली. "किती?"