वरच्या मजल्याचं पाणी

माझ्या नवऱ्याने, बुडिमिरने, हातोडी उलटी धरली आणि दांड्याने पंपाच्या डोक्यावर टकटक केलं.

"थांब ना रे बाबा," तो पंपाला म्हणाला.

पंप थांबला नाही. घर पुरेसं तापलं होतं, बॉयलरमधला जाळ विझला होता. रीत अशी, की जाळ विझल्यावर पंपाने थोडं पाणी फिरवायचं, उरलेली ऊब रेडिएटरांना वाटायची आणि गप्प बसायचं. पण आठवडाभर हा मेला तळघरात रात्रंदिवस घुं घुं करत होता. माझं स्वयंपाकघर बरोब्बर त्याच्या डोक्यावर. फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते आणि माझं डोकं भणभणत होतं.

"संत निकोलाच्या सणाला हा भुंगा घरात चालणार नाही," मी तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडले. "सिनिशा येतोय, पाहुणे येतायत. पंप दुरुस्त करायला ट्रायलोला बोलाव."

"ट्रायलो काय दिवे लावणार? पाना कसा धरायचा ते मी शिकवलंय त्याला."

"मग त्याला चांगलं शिकवलंस. तुला स्वतःला कोण शिकवणार?"

तो फणकारला आणि त्याने पंपाची पिनच उपटली. बॉयलरमध्ये निखारे अजून धगधगत होते, ते त्याच्या लक्षात नाही. आतलं पाणी जाग्यावरच खदखदलं, पाइप धडाधड वाजले आणि वाफेची नळी याच्या पायजम्यावर सुटली. पिन पुन्हा लावून, गुडघ्यापर्यंत भिजून, तोंड पाडून वर आला. मग मात्र मी त्याला न विचारता ट्रायलोला फोन केला.

आमच्या होमोल्याच्या डोंगरात प्रत्येक घराला वरचा मजला असतो आणि तो मुलाचा असतो. मुलं परदेशात, व्हिएन्नात राबतात, पैसे पाठवतात, बाप भिंती उभ्या करतो. आमच्या फाटकावर तर सिमेंटचे दोन सिंहही आहेत, बुडिमिरची हौस. सिनिशाने उन्हाळ्यात वरच्या रेडिएटरांची सगळी जोडणी पुरी करून घेतली आणि जाताना म्हणाला, "आई, वसंतात आम्ही कायमचे येतो." आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो, आमचा निकोला; या सणाला बुडिमिर तो सिनिशाच्या हाती सोपवणार होता. संताचा पाव आणि मेणबत्ती बापाने मुलाला द्यायची, म्हणजे घर त्याचं झालं. माझा जीव त्या एका दिवसात अडकला होता.

वर मी स्वतः जाऊ शकत नव्हते. वरचा जिना घराबाहेरून आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच्यावरच्या बर्फावरून घसरून मी पाय मोडून घेतला, तेव्हापासून बुडिमिर मला पायरीवर पाऊल ठेवू देत नाही. रोज तोच वर जायचा. नातवासाठी, ओलिवरसाठी, मी शिवलेली ट्रॅक्टरच्या चित्रांची चादरसुद्धा त्याच्याच हाती पाठवली होती.

"वर कसं आहे?" मी विचारायची.

"अगदी उबदार, मे महिना आहे," तो म्हणायचा.

ट्रायलो आला. आमच्याकडे दारी आलेल्याला द्यायचा तसा आधी चेरीचा मुरंबा चमचाभर, त्यावर पाणी, मग कॉफी. नाही म्हणाला असता तर मी सोडला नसता. मग खाली जाऊन त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक पंपाला आणि दुसरं कानाला लावलं.

"पंप ठणठणीत आहे, मावशी," तो वर येऊन म्हणाला. "तो उगाच फिरत नाहीये. वरच्या मजल्यावर गारठा मोजणारा सेन्सर आहे ना, सिनिशाने बसवून घेतलेला, तो ओरडतोय की इथे पाणी गोठायला आलंय. म्हणून खाली जाळ विझला तरी पंप पाणी वर ढकलत राहतो."

"वर कसला गारठा? वर मे महिना आहे!"

"सेन्सर बिघडलाय," बुडिमिर घाईने म्हणाला. "वायर तोडून टाक आणि मोकळा हो."

"बघितल्याशिवाय कशी तोडू, काका?" म्हणत ट्रायलो वर गेलासुद्धा.

बुडिमिर रिकामा कप बशीत फिरवत राहिला. ऐन कामाच्या वेळी हा माणूस असा बसून राहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

ट्रायलो हात चोळत परत आला. "काका, वरचे रेडिएटर सगळेच्या सगळे बंद आहेत. हाताने आवळलेत. ओलिवरच्या खोलीत काचेला आतून बर्फ आहे. पंपाने कितीही ढकललं तरी ऊब आत शिरणार कुठून?"

"कोणी बंद केले?" मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर कळलं. जिना चढणारा घरात एकच होता.

बुडिमिर बशीकडे बघत बोलला. "महिन्याभरापूर्वी, संत दिमित्रीच्या दिवशी, सिनिशाचा फोन आला होता. तू चर्चला गेली होतीस. अगं दोब्रिला, त्यांनी व्हिएन्नातच घर घेतलंय. ओलिवर तिकडेच शाळेत जाणार. सणालाही जमायचं नाही म्हणाला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्या दिवसांत तू ओलिवरची चादर शिवत होतीस."

मला त्याचा असा राग आला की कप भिंतीवर फोडावा. "अरे, मग रेडिएटर का बंद केलेस? त्यांनी काय घोडं मारलं होतं?"

"रोज वर जायचो," तो म्हणाला. "खोल्या उबदार. अंथरुणं घातलेली. मला ते बघवेना गं."

ट्रायलो टोपी हातात चुरगाळत दाराशी उभा होता. बिचारा पंप बघायला आला होता. "मावशी, असंच ठेवता मात्र येणार नाही," तो हळूच म्हणाला. "थंडी वाढली की पाइप फुटतील. एक तर वर ऊब सोडा, नाहीतर वरचं पाणी काढून टाका. तुम्ही म्हणाल तसं करतो."

मी फोन उचलला. सिनिशाचा नंबर काढला. काय विचारणार होते? तो म्हणाला असता, आई, बाबांनी सांगितलं नाही का? आणि मग त्याच्याच तोंडून सगळं पुन्हा ऐकायचं. मी फोन ठेवून दिला. पोटच्या पोराला साधा प्रश्न विचारायची मला भीती वाटली.

"काढ पाणी," मी म्हणाले.

त्याने वरच्या गच्चीतून नळी सोडली. मी खिडकीशी उभी राहिले. काळं, गंजाच्या वासाचं पाणी सिंहाच्या पायाशी बर्फावर पडत राहिलं, बराच वेळ. मग ट्रायलो तळघरात गेला, वरच्या मजल्याचा कॉक आवळला, सेन्सरची वायर काढली. घुं घुं थांबलं. पेले गप्प झाले. आठवडाभर मी हीच शांतता मागत होते, आणि आता ती मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संताच्या पावासाठी पीठ मळायला घेतलं. सवय, दुसरं काय. घर उबदार होतं, बॉयलर विझलेला होता. बुडिमिर दिसेना. तेवढ्यात पायाखालून, तळघरातून, हातोडीच्या दांड्याची टकटक ऐकू आली.

"फिर ना रे बाबा," तो म्हणत होता. "थोडंसं फिर."