तांब्याच्या दगडाचं गुळगुळीत टोक

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. हसू नका, दगडालाही सांगण्यासारखं काही असतं! काकडीएवढा लांब, गोल, आणि अंगात पिवळं चमकणारं तांब्याचं खनिज. खाणीत बोअर मारणाऱ्या एका माणसाने मला जमिनीच्या पोटातून वर काढलं. एवढ्या खोलातून आलेला मी एकटाच, कारण माझ्यानंतर मशीनच मोडलं. तो तर हरखूनच गेला. पॉलिश पेपरने घासघासून त्याने माझं एक टोक आरशासारखं केलं आणि मला लेकीच्या हातात ठेवलं. "घे, हा तुझा. खाली अजून खूप तांबं आहे बघ," तो म्हणाला.

लेक मोठी झाली, प्रयोगशाळेत लागली. मी तिच्या टेबलावर. अशात खाणीतलं वरचं तांबं संपत आलं. आणखी खोल जायचं की खाण बंद करायची, हे ठरायचं होतं. तिच्या बाबांसकट सगळ्या वस्तीचं पोट त्यावर होतं.

आता नीट ऐका. माझ्यात तांब्याला गंधक चिकटलेलं असतं. गंधकाचे काही अणू हलके, काही किंचित जड. त्यांचं प्रमाण मोजलं की ते गंधक कुठलं ते कळतं: खोलवरच्या वितळलेल्या खडकाचं, की जुन्या समुद्राच्या पाण्याचं. खडकाचं निघालं, तर त्या खाणीत खाली आणखी तांबं असण्याची आशा होती.

ही तपासणी लेकीकडेच आली, आणि एवढ्या खोलातला नमुना मी एकटाच. तिने दातांच्या डॉक्टरकडे असतं तसलं बारीक ड्रिल उचललं. गुळगुळीत टोकापाशी नेलं आणि हात मागे घेतला. "नको बाई, बाबांनी किती मेहनतीने घासलंय!" तिने दुसऱ्या टोकाची पूड घेतली. तिथे मागाहून झिरपलेल्या समुद्राच्या पाण्यातून साचलेली एक बारीक शीर होती, तीही तशीच पिवळी. मी ओरडणार कसा? मला तोंड कुठे आहे!

उत्तर आलं, समुद्राचं. साहेबांनी खाणीला टाळं ठोकलं. पंप बंद झाले, खाण पाण्याने भरली, वस्ती पांगली. बाबा घरी बसले ते बसलेच.

कितीतरी वर्षांनी, मुलांना शिकवताना, तिने मला भिंगाखाली धरलं आणि तिला ती शीर दिसली. तिचा चेहराच उतरला. या खेपेला तिने मुकाट्याने गुळगुळीत टोक कोरलं. गंधक खोलातल्या खडकाचं निघालं.

मला घेऊन ती घरी गेली. बाबा खाटेवर पडून होते.

"बाबा, तुमचं खरं होतं. चूक माझी झाली. मला हे टोक खराब करवेना."

बाबांनी चाचपून ते भोक शोधलं, त्यावर अंगठा फिरवला.

"अगं वेडे," ते म्हणाले, "दगडच होता तो. मी दुसरा घासून दिला असता."

ती खाटेच्या काठाला धरून रडत राहिली. माझंही मन भरून आलं.

मित्रांनो, आवडीच्या वस्तू जपा, जरूर जपा. पण कुणाचं पोट त्यांच्यावर असेल, तेव्हा हात मागे घेऊ नका. मला कोरलं असतं तर मुळीच दुखलं नसतं.