न लिहिलेली ओळ

"तुम्ही नसता ना, तर आज आमचं काही खरं नव्हतं," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बशीतली बिस्किटं त्यांनी त्याच्यापुढे सरकवली. त्याने एक उचललं. अर्धं खाऊन बशीच्या कडेला ठेवलं.

दवाखान्यात सगळे त्याला मशीनकाका म्हणत. पद भारदस्त होतं, यंत्रणा व्यवस्थापक, पण नेमणूक वर्षावर्षाच्या कंत्राटावर. तपासणीचे सगळे रिपोर्ट ज्या मशीनमधून, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरमधून, जात, ते त्याच्या ताब्यात होतं. वीज गेली की बॅटरी थोडा वेळ तग धरायची, मग मशीन बंद पडायचं. वीज आली की मशीन उठायचं, पण रिपोर्टांचा प्रोग्राम काही उठायचा नाही. मग एकच धावाधाव. मशीनकाका कुठायत, बोलवा त्यांना. ते येणार, खोलीचं दार लावून घेणार, आत टकटक करणार, की झालं सगळं सुरळीत. काकांच्या हाताला गुण आहे म्हणे.

डोंबलाचा गुण. मशीनच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, एक आकडा ठरवून दिलेला असतो: एका प्रोग्रामला एका वेळी किती मेमरी द्यायची. तो आकडा मुळात फार तोकडा होता. आज्ञा देऊन तो वाढवला की प्रोग्राम मुकाट चालायचा. पण अशी चालता चालता दिलेली आज्ञा मशीन बंद पडेपर्यंतच टिकते. उठल्यावर आकडा पुन्हा होता तेवढाच. तो टिकावा असं वाटत असेल, तर तीच ओळ एका ठरलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवायची, उठताना मशीन ती आपण होऊन वाचतं. संपलं. नवशिक्यालाही जमेल असं काम, आणि ते त्याने केलं नव्हतं.

पहिल्यांदा राहून गेलं, खरंच राहून गेलं. पण त्याच सुमाराला कंत्राटाचे कागद निघाले आणि बाई वरिष्ठांना म्हणाल्या, ह्यांच्यावाचून आमचं पान हलत नाही. तेव्हापासून ते राहून जाणं त्याने जिवापाड जपलं. घरात शिकणारी मुलगी होती, वय नवी नोकरी शोधायचं नव्हतं. कारणं काय, मागाल तितकी मिळतात.

आज सकाळी वीज गेली तेव्हा तो सासऱ्यांना स्टेशनवर सोडायला गेला होता. परतताना रस्त्यात अडकला. येऊन पाहतो तर वीज परत आलेली, पण रिपोर्टच्या खिडकीपुढे ही रांग. बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर पोट धरून कण्हणारं पोर. ऑपरेशनसाठी त्याला उपाशी ठेवलेलं.

"तुम्हीच ना ते मशीनवाले दादा?" ती म्हणाली. "रिपोर्ट बघितल्याशिवाय आत घेत नाहीत म्हणे. पाण्याचा थेंब दिलेला नाही हो सकाळपासून."

पोर कोरडे ओठ चाटत त्याच्याकडे बघत होतं. तो आत गेला, दार लावलं, ती एक ओळ टाइप केली. बाहेर आला तेव्हा पोराला स्ट्रेचरवर घेत होते. त्या बाईने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचे उपकार कसे फेडू, दादा?"

त्याने नळावर हात साबणाने धुतला. तरी तो त्याला चिकटच वाटत होता.

"पोर वाचलं," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. घ्या ना अजून एक."

"बाई, ते मला पहिल्याच दिवशी कायमचं नीट करता आलं असतं," तो म्हणाला. "मी मुद्दाम केलं नाही."

बाई हसल्या. "तुम्ही फार मनाला लावून घेता. वीज जाते त्याला तुम्ही काय करणार?"

कबुलीजबाबाचासुद्धा विनय झाला. शी, असला विनय. तो तडक उठून खोलीत गेला आणि त्याने फाइलमध्ये ओळ लिहिली. मग दुपारी खिडकी बंद झाल्यावर तो तिथे बसणाऱ्या ताईंना म्हणाला, "मशीन बंद करून परत चालू करतोय."

"आत्ता कुठे उठलंय बिचारं. कशाला त्याच्या खोड्या काढता?"

बटण दाबून तो बाहेर येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने ताईंच्या पडद्यावर रिपोर्ट दिसायला लागले.

"अगंबाई," ताई म्हणाल्या. "तुम्ही परत आत गेलाच नाहीत?"

"नाही. आता जावं लागणार नाही."

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले.

"आणि मी मूर्खासारखी सगळीकडे सांगत फिरले, ह्यांच्यावाचून दवाखाना अडतो म्हणून," ती म्हणाली. मग घडी मोडून तिने ती पुन्हा घातली. "नोकरी जाईल."

"हो."

"जाऊ दे मग."

त्यानंतर वीज कितीदा तरी गेली. फोन वाजला नाही. दवाखान्याच्या जिन्यात लोक भेटत, हसत, पण थांबत नसत. कंत्राटाची मुदत भरली तेव्हा डॉक्टरीणबाईंना फार अवघडल्यासारखं झालं. "वरून विचारतात, मशीन आपोआप चालतं तर माणूस कशाला," त्या म्हणाल्या. त्याने खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. या वेळी बशी पुढे आली नाही.

एका दुकानात हिशेबाची मशीनं सांभाळायचं काम त्याला मिळालं. पुढे कधीतरी बायकोच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट घ्यायला तो त्याच खिडकीपुढच्या रांगेत उभा होता आणि वीज गेली. पंखे थांबले. त्याचा हात आपसूक खिशातल्या फोनकडे गेला.

"बसा आता बोंबलत," मागचा माणूस म्हणाला.

"येईल," तो म्हणाला. हात त्याने खिशातून काढून घेतला.

बॅटरी संपली, खिडकीतला पडदा काळा झाला. बऱ्याच वेळाने वीज आली. कुणी कुणाला हाका मारल्या नाहीत, कुणी धावलं नाही. खिडकीतली नवी मुलगी पडद्याकडे बघत थोडी थांबली आणि मग तिने मान वर केली.

"पुढचे कोण? पावती द्या."

त्याने पावती दिली, रिपोर्ट घेतला आणि मागच्या माणसाला पुढे येता यावं म्हणून तो बाजूला झाला.