धोत्र्याचे कण

शुभांगी संगमनेरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. अकोले तालुक्याच्या डोंगरात मधपेट्या ठेवणाऱ्या तिच्या धाकट्या भावाने, वैजनाथने, मधाची बाटली तपासायला पाठवली होती. मध हिरड्याचा आहे असं ताईने सांगितलं की गिऱ्हाईक विश्वास ठेवील, एवढंच त्याचं म्हणणं.

मध कोमट पाण्यात कालवून, तळाचा गाळ काचपट्टीवर घेऊन तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हिरड्याचे परागकण तिच्या चांगले ओळखीचे. ते थोडेच होते. बाकी सगळे मोठे, गोल, अंगावर रेघा असलेले. तिने दुसरी काचपट्टी केली. तेच. संग्रहातल्या नमुन्याशी तिने ते ताडून पाहिले. कण विषारी धोत्र्याचे होते.

तिने वैजनाथला फोन लावला. ती काही बोलायच्या आत तोच घाबऱ्या आवाजात सांगू लागला, की आई सकाळपासून बरळतेय, गोधडीवरून काहीतरी वेचल्यासारखं करतेय, आणि शेजारचे बाहेरची बाधा म्हणतायत.

"तिने हा मध खाल्ला?"

"काल त्यातलीच दुसरी बाटली उघडली. वाटीभर खाल्ला असंल."

"आत्ता दवाखान्यात ने. पोटात धोत्रा गेलाय, असं डॉक्टरांना सांग. आणखी कुणाला दिलास?"



"शेजारच्या कडूबाईला. आज तिच्या नातवाचं बारसं हाय, ताई. बाळाला चाटवाया नेला."

मग पळणाऱ्या पावलांचा आवाज, आणि फोन तुटला. पुन्हा लागेना. एसटीत बसल्यावरही ती लावतच राहिली. पुढच्या बाकावर एक बाई तान्ह्या मुलाला थोपटत होती. शुभांगीने मान वळवली आणि अकोले येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहत राहिली.

दवाखान्यात आईच्या डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या पसरल्या होत्या, की बुबुळांत नुसता काळोख होता. तिने लेकीला ओळखलं नाही. शुभांगीने भावाकडे पाहिलं.

वैजनाथ म्हणाला, "कडूबाईचं बोट मधात बुडालं हुतं. मी हाताला हिसडा दिला. बाटली फुटली. बाळ बरं हाय."

शुभांगीने आईचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी आईने तिला नावाने हाक मारली. संध्याकाळी बहीणभाऊ धोत्रा उपटायला पेट्यांकडे गेले. पेट्यांमागच्या पडीक उतारावर, नजर पोचेल तिथवर, धोत्र्याची पांढरी फुलं उमलू लागली होती.